ओलांडायला काहीतरी हवं

"पार्किन्सन्स डिसीज," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटचं नाव पुकारायला सांगू लागले.

पुण्याच्या मोठ्या सरकारी इस्पितळात सकाळपासून बाकावर बसून आम्हाला एवढं मिळालं. मी तिथून हलले नाही. म्हटलं, "म्हणजे काय झालंय ह्यांना?" डॉक्टरांनी मान वर केली. "कंपवात म्हणतात त्याला. मेंदूतला हालचाल सांभाळणारा भाग झिजत जातो. हात थरथरतात, अंग ताठ होतं, चाल मंदावते. बरा होत नाही. औषधानं थोडा आराम पडेल."

बरा होत नाही, हे त्यांनी गाडी उशिरा आहे असं सांगावं तसं सांगितलं. मला रडू आलं नाही, संताप आला. ह्यांच्या तोंडाकडं बघितलं तर त्यावर काहीच नव्हतं. पण तेव्हा त्यांच्या तोंडावर काही दिसायचं बंदच झालं होतं.

ज्यांच्या घरात हा आजार शिरला आहे त्यांच्यासाठी मी हे लिहिते आहे. बाकीच्यांनी वाचलं नाही तरी माझं काही अडत नाही.

माझं माहेर चाकणचं. वडील शाळेत शिक्षक होते, म्हणून मला लिहिता येतं. सासर आकुर्डीच्या अलीकडच्या गावात, शेतकऱ्याचं. घरात सासूबाई, हे, धाकटे दीर दगडू भावजी आणि जाऊबाई. आम्हाला मूलबाळ नाही. त्यामुळे ह्यांचे हातपाय चालेनासे झाले तर भावजींशिवाय दुसरा आधार नव्हता, हे मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं आणि भावजींनाही.

आजार कधी सुरू झाला ते सांगता येत नाही. आधी उजव्या हाताची बोटं हलायला लागली. अंगठा आणि त्याच्या शेजारचं बोट सारखं एकमेकांवर फिरे, हातावर तंबाखू मळावी तसं. फक्त हातावर तंबाखू नसे. सासूबाईंना वाटलं लेकाला व्यसन फार झालं. त्यांनी चंची फडताळात लपवली. चंची नसली तरी बोटं मळतच राहिली, मग त्यांनी मलाच विचारलं की तू चोरून आणून देतेस का.

पुढं औतामागं चालताना हे मागं पडायला लागले. बैल पुढं आणि हे बारीक बारीक पावलं टाकत मागं. चालताना हात हलत ना. आवाज बसला. चेहरा कोरा झाला. त्याच सुमारास गावातल्या जमिनी कंपनीला जाणार असं पक्कं झालं होतं, तेव्हा लोक म्हणाले, जमिनीचं मनाला लावून घेतलंय. जो तो आपल्याला सुचेल ते कारण घेऊन येई आणि चहा पिऊन जाई.

डॉक्टरांनी बेलाडोनाचं औषध दिलं. बेलाडोना म्हणजे आपल्या धोत्र्याच्या जातीचं एक झाड, त्याचा अर्क. त्यानं थरथर थोडी कमी झाली हे खरं. पण तोंडाला कोरड पडायची, घास गिळवत नसे, आणि जवळचं अंधुक दिसे. थेंब वाढवले की त्यांना ताटातली भाकरी चाचपावी लागे.

पण थरथर हे खरं दुखणं नव्हतंच. खरं दुखणं पायाचं. चालता चालता मध्येच पाय थांबायचे. दारात तर हमखास. उंबऱ्याच्या आत उभे राहायचे, वरचं अंग पुढं जायला बघायचं आणि पाय जागचे हलायचे नाहीत. "पाय चिकाटल्यात," एवढंच म्हणायचे. पुढं एका डॉक्टरांनी मला त्याचं नाव सांगितलं, फ्रीझिंग, म्हणजे गोठणं. माणूस थंडीनं गोठत नाही, जमिनीला गोठतो.

सासूबाईंनी ठरवलं की उंबरा कुणीतरी बांधलाय. शेजारच्या गावचा भगत आला. त्यानं हळद-कुंकू लावलेलं लिंबू उंबऱ्याच्या आतल्या बाजूला ठेवलं आणि ह्यांना चल म्हणाला. हे लिंबाकडं बघत उभे राहिले, मग पाय चांगला उचलून लिंबू ओलांडलं, उंबरा ओलांडला आणि सरळ अंगणात गेले. सासूबाईंच्या डोळ्यांना पाणी आलं. ग्रामदेवतेला नारळ फुटला. मीसुद्धा हात जोडले, खोटं कशाला सांगू.

दुसऱ्या दिवशी लिंबू नव्हतं आणि हे पुन्हा दारात उभे. भगत म्हणाला, करणी भारी आहे. मग दर थोड्या दिवसांनी लिंबू. लिंबू असलं की चालायचे, नसलं की नाही. उतारा पडतो म्हणून शेजारपाजारच्या बायका आमच्या दारावरून जाईनाशा झाल्या. त्याचं मला दुःख नव्हतं.

खरा प्रकार मला कळला तो रागाच्या भरात. आमचं घर शेणानं सारवायचं. एके दिवशी माजघर सारवायला बसले तर शेण अर्धं. जाऊबाईंनी बाकीच्याच्या गोवऱ्या थापून टाकल्या होत्या. मी एक पट्टा सारवला, एक कोरडा सोडला, पुन्हा एक सारवला, एक सोडला, असं या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत केलं. सासूबाईंनी बघावं आणि जाऊबाईंना चार शब्द बोलावेत, एवढाच माझा हेतू होता.

कोपऱ्यात हे बसले होते. त्यांना तहान लागली. मला हाक मारायचं सोडून ते भिंतीला धरून उठले आणि ओल्या पट्ट्यांवरून पाय उचलत पाण्याच्या माठापर्यंत गेले. कुणी धरलं नाही, कुणी ओढलं नाही. तांब्या भरून घेतला. मी शेणाचे हात तसेच धरून बघत राहिले.

"कसं आलात?" मी विचारलं.

"फुडं काय तरी वलांडाया असलं की पाय उचालतोय," ते म्हणाले. "मोकळी जिमीन बगितली की न्हाई उचलत. का ते मला ठावं न्हाई."

लिंबाचं कोडंही तेव्हाच सुटलं. करणी नव्हती, बिरणी नव्हती. डोळ्यांपुढं आडवं काहीतरी लागत होतं, एवढंच.

मी त्याच दिवशी चुना कालवला आणि माजघरापासून दारापर्यंत आडव्या रेघा मारल्या. सासूबाई बाहेरून आल्या त्या ओरडतच. "घरात पांढऱ्या रेगा? मानूस जित्ता हाय माझा!" आमच्याकडं माणूस गेला की त्या जागेवर पीठ पसरून दिवा ठेवतात. जमिनीवरचं पांढरं बघून त्यांना तेच आठवलं. त्यांनी स्वतः बसून सगळं पुसलं. मग मी गेरू घेतला, तर जाऊबाई म्हणाल्या, पाय लाल होतात, अंथरुणं खराब होतात. शेवटी मी सारवणातच काम भागवलं. एक पट्टा साध्या शेणाचा, एक कोळशाची पूड घातलेल्या शेणाचा. काळा आणि हिरवट. दिसायला भिकार दिसे, पण त्यावर बोट ठेवायला कुणाला शास्त्र सापडलं नाही.

हे कसं करायचं ते नीट लिहिते, कारण मला कुणी सांगितलं नव्हतं. पट्टे वाटेला आडवे हवेत, उभे कामाचे नाहीत. दोन पट्ट्यांतलं अंतर माणसाच्या चांगल्या दिवसातल्या पावलाएवढं ठेवा. फार जवळ झालं तर तो पुन्हा दुडक्या पावलांवर येतो, लांब झालं तर पाय पोचत नाही. रंग एकमेकांत मिसळू देऊ नका, औषधानं दिसायला आधीच कमी झालेलं असतं. वळायच्या जागी पट्टेही वळवा. आणि माणूस थांबला तर हात धरून ओढू नका, "चला, चला" म्हणू नका. त्याला पट्टा दाखवा आणि गप्प उभे राहा. गप्प उभं राहणं सगळ्यात अवघड आहे.

तो सबंध हिवाळा हे चालत होते. सकाळी गोठ्यात जायचे, बैलांच्या पाठीवरून हात फिरवायचे. परसाकडं जायला कुणाची गरज लागत नसे, आणि पुरुषमाणसाला ह्याहून मोठं काय लागतं. आवाज बसलेला होता तरी एकदा मला म्हणाले, "तुजा पट्टा वाकडा झालाय गं." चेहरा कोराच होता पण ती थट्टा होती. ते दिवस चांगले होते. ह्या सगळ्या हकिकतीत चांगलं म्हणून लिहावं असं तेवढंच आहे.

औषध घ्यायला पुण्याला पुन्हा गेलो तेव्हा दगडू भावजी बरोबर होते. रस्त्यावर आणि फाटकात त्यांनी ह्यांना पाठुंगळी घेतलं. पण इस्पितळाच्या लांब व्हरांड्यात काळ्यापांढऱ्या चौकोनी फरशा होत्या. हे एकेक फरशी ओलांडत असे चालले की डॉक्टर खूश झाले. "औषध छान लागू पडलंय," म्हणाले.

मी म्हटलं, "डॉक्टरसाहेब, हे फरशीमुळं चालतात. बाहेर मातीवर चालवून बघा." पट्ट्यांचं सगळं सांगितलं.

ते हसले. "बाई, फरशीनं माणूस बरा होत असता तर आम्ही इथं कशाला बसलो असतो?" आणि कागदावर 'इम्प्रूव्ड' लिहिलं. म्हणजे सुधारणा आहे.

त्यांच्या हाताखालच्या एका तरुण डॉक्टरांनी मात्र आम्हाला व्हरांड्यात गाठलं. "जिना चढतात का हे?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, चढतात, तुम्हीआम्ही चढतो तसे. ते म्हणाले, "काही पेशंटना सपाट जमिनीवर चालता येत नाही, पण पायऱ्या चढता येतात, असं आम्हीही बघतो. आपण चालताना पावलाचा विचार करत नाही. ह्यांना आता प्रत्येक पाऊल मुद्दाम टाकावं लागतं, आणि डोळ्यांपुढं खूण असली की ते जमतं. असं का होतं ते नक्की कुणाला माहीत नाही. तुम्ही करताय ते थांबवू नका." सगळ्या इस्पितळात शहाणं बोलणं एवढंच झालं, आणि ते ऐकायला भावजी नव्हते. ते बाहेर विडी ओढायला गेले होते. त्यांनी ऐकला होता तो इम्प्रूव्ड.

भावजींवर मी फार चिडले, अजून चिडते, पण एक कबूल केलं पाहिजे. दोघांची शेती ते एकटे ओढत होते आणि वर भावाला पाठीवर घेत होते. थकलेल्या माणसाला समोरचा बरा आहे असं कळलं की त्याचा जीव भांड्यात पडतो. त्यांना ते हवंच होतं.

मग कंपनीच्या लोकांनी जमिनीवर आखणी केली. आमच्या थोरल्या वावरात पाया खणायचा होता, म्हणून चुन्याची फक्की टाकून पांढऱ्या रेघा मारलेल्या. सगळं गाव बघायला लोटलं. ह्यांनाही जायचं होतं. वावर शेवटचं बघायचं म्हणाले. भावजींनी बैलगाडीतून नेलं.

गाडीतून उतरले आणि पुढं बघितलं तर रेघाच रेघा. एकीशेजारी एक, सरळ, ठसठशीत, मला जन्मात जमल्या नसत्या अशा. ह्यांनी पाठ ताठ केली आणि निघाले. लांब टांगा टाकत, हात हलवत, ते आपल्याच वावरातून विहिरीच्या बाजूला गेले. "आरं, ह्यो तर पळतुया!" कुणीतरी म्हणालं आणि लोक हसले. मी मागून धावले. रेघा जिथं संपल्या तिथं हे थांबले. पुढं नुसती काळी जमीन. ना पुढं जाता येईना ना वळता येईना. लोकांना वाटलं, जमिनीकडं बघत उभा आहे बिचारा. मी त्यांच्यापुढं जाऊन माझं पाऊल आडवं धरलं. ते ओलांडून ते वळले.

संध्याकाळी भावजी ओसरीवर बसून सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "वैनी, दादाचं सोंग आज समद्या गावानं बगितलं. दवाखान्यात इम्प्रूव्ड, कंपनीच्या जिमिनीत ढांगा, आन वाटंला लागलं की पाठुंगळी. म्या काय हमाल हाय व्हय?"

मी समजावलं. रेघा, फरशा, लिंबू, सगळं पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यांनी विचारलं, "चुन्यानं पाय बरं व्हत्यात?" सासूबाई ह्यांच्याजवळ बसल्या. "नामा, खरं काय ते सांग लेकरा." हे त्यांच्याकडं बघत राहिले. चेहऱ्यावर ना दुःख ना राग. ह्या आजारात चेहऱ्याचे स्नायू हलत नाहीत, आणि ज्याचा चेहरा हलत नाही त्याला लोक निगरगट्ट म्हणतात. सासूबाई उठून गेल्या.

त्यानंतर ह्यांना कुणी पाठीवर घेतलं नाही. मी आणि माझे पट्टे.

पट्टेही फार दिवस राहिले नाहीत. जमिनीच्या पैशातून भावजींनी रस्त्याकडेला नवं घर बांधलं. जमिनीला सिमेंटचा लाल कोबा, घोटून घोटून आरशासारखा केलेला. एक सांधा नाही, एक रेघ नाही. पंचक्रोशीत असा कोबा नव्हता आणि भावजींना त्याचा भारी अभिमान. मी खडूनं खुणा केल्या, जाऊबाईंनी फडकं फिरवलं. लुगड्याचे काठ फाडून आडवे अंथरले, त्यांनी घड्या घालून माझ्या ट्रंकेवर ठेवले. ज्वारीची ताटं टाकली, ती बंबात गेली. भावजी म्हणाले, "सोंगाला आनखी नाटकाचं सामान कशापायी?"

हे माजघराच्या मधोमध अडकून उभे असायचे. तंबाखू मळल्यासारखी बोटं हलत असायची. बाकीचे बाजूनं जायचे यायचे, ताटं मांडायचे, जेवायचे. मी पुढं पाऊल धरीपर्यंत हे तसेच उभे. मी विहिरीवर गेले असले तर येईपर्यंत उभे. माणूस घरात खांबासारखा उभा असतो आणि घरातल्यांना त्याचं काही वाटेनासं होतं, हे मी डोळ्यांनी बघितलं आहे. घरातले राक्षस नव्हते. सणाला मला साडी घेणारी, ह्यांच्या लहानपणच्या गोष्टी सांगणारी माणसं होती.

राहायला आल्यावर उशिरानं केलेल्या वास्तुशांतीला पाहुणे आले. मी आणि जाऊबाई चुलीपाशी. पूजेला मोठा भाऊ हवा म्हणून हाक आली, आणि हे कोब्याच्या मध्यावर गोठले. पाव्हण्यांसमोर भावजींचं डोकं फिरलं. "तितं कशा ढांगा टाकत व्हतास? ये की. ये म्हनतो ना!" त्यांनी ह्यांच्या हाताला धरून ओढलं. अंग पुढं गेलं, पाय गेले नाहीत.

आवाज मला चुलीपाशी ऐकू आला.

पुन्हा पुणं. तेच इस्पितळ, पण वेगळा वॉर्ड. "फ्रॅक्चर आहे," हाडांचे डॉक्टर म्हणाले. खुब्याचं हाड मोडलं होतं. पायाला वजन बांधून कितीतरी आठवडे उताणं निजवलं. सुटी देताना ते म्हणाले, "हाड नीट जुळलेलं नाही, आणि मुळात हा आजार. हे आता उभे राहतील असं वाटत नाही. पाठीला जखमा होऊ देऊ नका." ते बरे होते, माझ्याकडं बघून बोलले.

तेव्हापासून हे खाटेवर आहेत. आणि आता घरात ह्यांच्यासारखी बडदास्त कुणाची नाही. भावजी रोज सकाळी स्वतः ह्यांची दाढी करतात, कूस बदलतात, घाण काढायलाही मागं सरत नाहीत. पहिले काही दिवस तर ते भिंतीकडं तोंड करून रडत बसायचे. जाऊबाई न सांगता पेज करून आणतात. सासूबाई उशाशी बसून असतात. गावातली माणसं अंडी घेऊन येतात, पायाकडं बघतात, चुकचुकतात. मोडलेलं हाड सगळ्यांना समजतं. त्याला पुरावा लागत नाही.

म्हणून तुम्हाला सांगते, तुमच्या माणसाची चाल गोठत असेल तर घरच्यांना पटण्याची वाट बघू नका. चुना घ्या, कोळसा घ्या, कुणाच्या नव्या जमिनीची पर्वा करू नका. भांडण होईल. होऊ द्या. मी घरात भांडण नको म्हणून लुगड्याचे काठ उचलू दिले, हे मला रोज आठवतं.

परवा दुपारी भावजी ह्यांना भरवून बाहेर गेले. हे माझ्याकडं बघत होते. आवाज आता इतका बारीक झालाय की मी कान तोंडाशी नेला.

"बरं झालं मोडलं," ते म्हणाले. "आता कुनी सोंग म्हनत न्हाई."

चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं, पण डोळे निवले होते. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा त्यांना कुणाबद्दल काही तक्रार नव्हती, आणि मीही ती ठेवू नये असं ते मला सांगत होते. मी त्यांचं तोंड पुसलं, पांघरूण नीट केलं. पण "बरं झालं" असं मला म्हणवलं नाही. त्यांच्यावर कुणी विश्वास ठेवावा एवढंच त्यांना हवं होतं. मला ते चालायला हवे होते.